ओव्हनमधली चाळीस मिनिटं

नूडल्स पाण्यातून काढायच्या त्या थोड्या कच्च्या असतानाच. पाकिटावर सात मिनिटं लिहिलेली असतील तर पाचव्या मिनिटाला चाळणीत ओताव्यात. दाताखाली अजून कणी लागली पाहिजे. पुढे ओव्हनमध्ये त्यांना मांसाचा रस प्यायचा असतो, टोमॅटोचं पाणी प्यायचं असतं, सावर क्रीममधला ओलावा ओढून घ्यायचा असतो. आधीच तुडुंब झालेल्या नूडल्स काय पिणार? त्या फुगून फुटतात आणि भांड्यात लगदा होतो. कांदाही पारदर्शक होईतोवरच परतायचा. मशरूमला सुटलेलं पाणी आटलं की हात आवरायचा. जो तो जिन्नस जरासा अपुरा ठेवला, तरच ओव्हनमध्ये त्यांना एकमेकांची गरज लागते.

आमच्या घरी बीफ-नूडल कॅसरोल होतो तो हिवाळ्यात. मिनेसोटातल्या हिवाळ्यात. डिसेंबरमध्ये मिनियापोलिसला दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. मुलं शाळेतून येतात, बूट काढेपर्यंत खिडकीबाहेर रात्र झालेली असते. पारा शून्याखाली वीस अंशांवर गेला की माणसांची भूकही बदलते. अशा संध्याकाळी मला भाताचा हलकेपणा पुरत नाही, हे मी वसईची मुलगी असून सांगते. शरीर काहीतरी जड, ऊन, दाट मागतं. इथले लोक या पदार्थाला हॉटडिश म्हणतात. वरून बटाट्याच्या टेटर टॉटचा थर दिलेली हॉटडिश इथे जास्त नावाजलेली आहे, पण माझा कौल नूडल्सला. बटाटा वर बसून राहतो. नूडल खाली उतरते, सगळ्यांत मिसळते.

त्या रुंद, सैल पिळाच्या एग नूडल्स असाव्यात. अमेरिकन नियमाप्रमाणे एग नूडल म्हणवून घ्यायला पिठात किमान साडेपाच टक्के अंड्याचा घनांश लागतो. त्या अंड्यामुळेच त्यांना पिवळसर रंग येतो आणि रस्सा पिऊनही त्यांचा आकार टिकतो. नऊ बाय तेरा इंचांच्या भांड्याला बारा औंस पुरतात. दीड पौंड बीफचा खिमा, दोन कांदे, सेलरीच्या दोन-तीन काड्या, मूठभर मशरूम, टोमॅटोचा एक डबा. एवढ्यात सहा माणसं जेवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही थोडं उरतं.

खिम्यापाशी मात्र मी रेंगाळते. तो जनावराच्या खांद्याचा घ्यावा, ऐंशी भाग मांस आणि वीस भाग चरबी असा. कोरडा, चरबी काढलेला खिमा ओव्हनमध्ये भुशासारखा होतो. बिडाचा तवा चांगला तापवायचा, खिमा पसरून टाकायचा आणि मग हात मागे घ्यायचा. ढवळायचं नाही. आपल्या स्वयंपाकघरात वाढलेल्या हाताला हे जड जातं, कारण आपण खिमा कांद्या-मसाल्यात सतत हलवत परततो. इथे मांस एकटं, उघडं, गरम लोखंडावर असतं. सुरुवातीला पाणी सुटतं आणि नुसता वाफेचा आवाज येतो. पाणी आटलं की आवाज बदलतो, चरबीचा बारीक तडतडाट सुरू होतो आणि तेव्हाच खालची बाजू तपकिरी धरू लागते. फ्रान्सच्या लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवल्यावर काय होतं ते मांडलं, आणि भाजल्या पदार्थांच्या त्या रंग-वासाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि हा रंग यायला त्याहून बरीच जास्त आच लागते. म्हणून आधी पाण्याला जाऊ द्यायचं. तव्याला चिकटलेला तो गडद थर थोडं पाणी घालून उलथन्याने खरवडायचा. पदार्थाची अर्धी चव त्या खरवडीत असते.

मी यात मसाला घालत नाही. घरून आलेल्या मसाल्याची बाटली ओट्यावरच असते, हात तिच्याकडे जातोही, पण मिरपूड, मीठ, चमचाभर पॅप्रिका आणि एखादं तमालपत्र यावरच मी थांबते. परदेशातला प्रत्येक पदार्थ आपल्या मसाल्यात बुडवून आपलासा करायचा, ही आपली जुनी खोड. एखादा पदार्थ आहे तसा समजून घेण्यातही पाहुण्याची अदब असते, आणि मी या प्रदेशात पाहुणी म्हणूनच आले.

या प्रदेशाने हा पदार्थ का घडवला, ते मला इथे राहून हळूहळू उमगत गेलं. मिनियापोलिस १८८० ते १९३० या काळात पिठाच्या गिरण्यांची जगाची राजधानी होतं. मिसिसिपी नदीवरच्या सेंट अँथनी धबधब्याच्या जोरावर त्या गिरण्या चालत. आजूबाजूच्या सपाट मुलखातला गहू इथे येऊन दळला जायचा. पीठ होतं, दूध होतं, गोठे होते, आणि लांब हिवाळा होता. शेतावर राबणारं मोठं कुटुंब आणि थोडंसं मांस, हे गणित इथल्या बायकांना रोज सोडवावं लागे. हॉटडिश या नावाने छापलेली सर्वांत जुनी ज्ञात कृती १९३० ची आहे. मॅनकेटो गावातल्या ग्रेस लुथरन चर्चच्या महिला मंडळाच्या पाककृतींच्या पुस्तकातली. तिच्यात खिमा आहे, कांदा आहे, सेलरी, डब्यातले मटार, डब्यातलं टोमॅटो सूप आणि क्रिमेट्स, म्हणजे मिनियापोलिसच्याच कंपनीची आखूड मॅकरोनी. साल पाहा. महामंदी नुकतीच सुरू झालेली. चर्चच्या तळघरात जमणाऱ्या बायकांनी एका डब्याच्या आधाराने थोड्या मांसाचं पुष्कळांना पुरेल असं जेवण केलं आणि ते एकमेकींसाठी लिहून ठेवलं.

त्या डब्याला नाक मुरडणारे लोक मला भेटतात. मला त्यांचं पटत नाही. कॅम्बेल कंपनीतल्या जॉन डॉरन्स या रसायनतज्ज्ञाने १८९७ मध्ये सुपातलं बरंचसं पाणी काढून टाकलं. डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली आणि सूप दहा सेंटला मिळू लागलं. ज्या मशरूम सुपाशी लोक आज कॅसरोलचं नातं जोडतात, ते १९३४ मध्ये आलं. मिनेसोटात त्याला गमतीने लुथरन बाइंडर म्हणतात, कारण चर्चच्या जेवणातला निम्माअधिक स्वयंपाक त्यानेच बांधून ठेवलेला असतो. सवड असेल तेव्हा मी लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस करून त्यात मशरूम घालते. सवड नसेल तेव्हा डबा उघडते. बाहेर बर्फ पडत असताना गावातलं दुकान मैलोगणती दूर असलेल्या शेतावरच्या बाईच्या फडताळात असा एक डबा असणं, हा तिला केवढा आधार होता!

सगळं एका मोठ्या पातेल्यात कालवायचं. गॅस बंद केल्यावर सावर क्रीम, नाहीतर ते फाटतं. मग लोण्याचा हात फिरवलेल्या काचेच्या भांड्यात ओतायचं, वर किसलेलं चेडर. हे काचेचं भांडंही एका स्वयंपाकघरातूनच आलेलं आहे. कॉर्निंग ग्लास वर्क्समधल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाच्या पत्नीने, बेसी लिटलटनने, १९१३ मध्ये बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला तळ घेतला आणि त्यात केक भाजून पाहिला. काच तडकली नाही, केक सगळीकडून सारखा भाजला गेला. दोन वर्षांनी पायरेक्सची भांडी बाजारात आली. ओव्हनच्या दारातून मी त्या काचेआड बुडबुडे कडेने वर चढताना बघते तेव्हा मला ही बेसी आठवते.

ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १७५ अंश सेल्सिअस. फॉइलने झाकून पंचवीस मिनिटं, उघडून पंधरा. दार लागतं आणि इथून पुढची चाळीस मिनिटं स्वयंपाक करणारीची असतात.

माझा जीव या पदार्थावर जडला तो या चाळीस मिनिटांमुळे.

वसईला आमच्या घरी जेवणाची वेळ म्हणजे आई तव्यापाशी. तांदळाची भाकरी ताटात पडायची ती फुगलेली, वाफेसकटच. बाबा, काका, आम्ही भावंडं, कधी शेतावरची माणसं, सगळे पंगतीला बसायचो आणि स्वयंपाकघरातून भाकरीमागून भाकरी यायची. थापण्याचा आवाज थांबला की कुणीतरी आत डोकावून विचारायचं, “अजून आहे ना?” आमची ताटं उचलली गेल्यावर आई पीठ लागलेले हात धुऊन पाटावर बसायची. रश्शाचं पातेलं तोवर तळाला गेलेलं असायचं. जेवताना आम्ही काय काय बोललो, कोण कशावरून हसलं, धाकट्या काकांनी कुणाची नक्कल केली, हे तिला भिंतीपलीकडून तुकड्या-तुकड्यांत ऐकू आलेलं असायचं. गरम वाढण्यात तिचं प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही. त्या प्रेमाची किंमत तिने आयुष्यभर एकटीने जेवून भरली, याबद्दलही नाही. गरम पोळीचा, गरम भाकरीचा आपल्याकडे केवढा अभिमान! त्या अभिमानाखातर घरातलं एक माणूस रोज पंगतीबाहेर उभं असतं, आणि ते माणूस कोण, हे कधी ठरवावंही लागत नाही.

कॅसरोलला कुणी उभं राहावं लागत नाही. तो सगळ्यांसाठी एकाच वेळी तयार होतो. पहिल्याला गरम आणि शेवटच्याला गार असा भेद त्यात नाही, उलट बाहेर काढल्यावर दहा मिनिटं त्याला हात न लावता ठेवावं लागतं, नाहीतर वाढताना सगळा रस वाहून जातो. म्हणजे सगळ्यांनी आधी टेबलाशी यायचं, स्वयंपाक करणारीनेही, आणि त्याच्याभोवती थांबायचं. अमेरिकेतल्या बायकांचे कष्ट काही कमी नव्हते. शेतावरच्या बाईला गाईंची धार काढायची होती, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मांसाचं रेशनिंग सुरू झालं तेव्हा तिला कुपनं जुळवत घर चालवायचं होतं, आणि कित्येक जणी त्याच काळात कारखान्यांत पाळी करत होत्या. जेवणं रांधण्याचं काम त्यांच्याच गळ्यात राहिलं. तरीही त्यांनी असा पदार्थ हाताशी ठेवला की जेवणाच्या वेळी आपण खुर्चीवर बसलेल्या असू. मिनियापोलिसजवळच्या जनरल मिल्स कंपनीने १९७१ मध्ये हॅम्बर्गर हेल्पर नावाचा खोका काढला, सुक्या नूडल्स आणि मसाल्याचा. मांस महागलं होतं, खोका धडाक्यात खपला. मला तो नको असतो. तो गॅसवर ढवळत करायचा, आणि मग पुन्हा बाई शेगडीपाशीच.

माझ्या चाळीस मिनिटांत मी काय करते? थोरलीचं गणित बघते. नवऱ्याशी दिवसभराचं बोलते. कधी नुसती खिडकीशी बसते, रस्त्यावरून बर्फ ढकलणारा ट्रक पिवळा दिवा फिरवत जातो तो बघते. घरात आधी कांद्याचा, मग चीजचा, मग कडा करपायला आल्याचा वास पसरत जातो, आणि त्या वासाने बोलावल्यासारखा धाकटा स्वतःच जिन्यावरून खाली येतो.

बीफचं नाव वाचून काही मराठी वाचकांनी पान उलटलं असेल, याची मला कल्पना आहे. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यापासूनच बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. पण मराठी घर एकाच चुलीचं कधीच नव्हतं. आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरात रविवारी मिस्सा आटोपून आलं की मोठ्याचं मटण शिजायचं, आणि ते आमच्या लेखी सणाचं जेवण होतं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं, तेव्हा कितीतरी मराठी वाचकांना आपल्याच भाषेतलं हे स्वयंपाकघर पहिल्यांदा दिसलं. मोठ्या जनावराचं मांस गरिबाला परवडायचं, त्यात पुष्कळ तोंडं भागायची. मॅनकेटोच्या त्या बायकांचा हिशेबही हाच होता. आमच्याकडे येणाऱ्या मराठी मित्रमंडळींत काहीजण बीफ खात नाहीत, काही मांसच खात नाहीत. त्यांच्यासाठी त्याच नूडल्सचा मशरूमचा वेगळा ट्रे असतो, त्याचा डाव वेगळा, आणि तो मी आधी भाजते म्हणजे कशाचा कशाला स्पर्श नको. यात मला कसलाही जाच वाटत नाही. ज्याचं त्याचं ताट ज्याला त्याला नि:शंक मनाने खाता आलं पाहिजे. उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही कॅथलिक स्वतःच मांस वर्ज्य करतो, तेव्हा याच भांड्यात ट्यूना जातो.

वाढताना चार कोपऱ्यांवरून भांडण होतं. कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी आच लागते, नूडल्सची टोकं कुरकुरीत होतात, चीज काचेला चिकटून तांबूस होतं. कोपरे चार आणि माणसंही चार, तरी प्रत्येकाला पलीकडचा कोपरा हवा असतो. मधला भाग मऊ, ओलसर. तो मला आवडतो, त्यामुळे माझा कोपरा मुलांच्या वाटाघाटीत जातो. त्या वाटाघाटी मी समोर बसून ऐकते. शाळेत कोण कुणाशी बोलत नाही, कोणत्या बाईंनी काय म्हटलं, बर्फावर कोण घसरलं. मध्येच धाकटा एखादं वाक्य अर्धं सोडतो आणि माझ्याकडे बघतो. तो का बघतो ते मला कळतं, कारण मी तिथे असते.

आई गेली तेव्हा मी इथे होते. वसईहून फोन आला तो इथल्या पहाटे. विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं, त्यामुळे तो सबंध दिवस घरात काढायचा होता. बॅग भरण्यापलीकडे हाताला काम नव्हतं आणि बॅगेत काय ठेवते आहे ते कळत नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची नात, ऐंशीच्या घरातली बाई, निसरड्या वाटेवरून दोन्ही हातांत भांडं धरून. भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांचं आडनाव. चर्चच्या जेवणांत भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून इथे सगळ्याच जणी अशी नावं लावतात. बीफ आणि नूडल्सचीच हॉटडिश होती, अजून न भाजलेली. त्यांनी मला काही विचारलं नाही. आमचा ओव्हन लावला, कपाटं उघडून ताटल्या शोधल्या, टेबल मांडलं, आणि वेळ झाल्यावर मला खुर्ची ओढून दिली. मग स्वतः माझ्या बाजूला बसल्या आणि जेवल्या. आपल्याकडे माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात करून आणतात. आजींना ती रीत माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण नुसतं आणून ठेवून न जाता त्या जेवायला थांबल्या, आणि त्या रात्री मी जे काही खाल्लं ते त्यांच्या थांबण्यामुळे.

तेव्हापासून मी एकदम दोन करते. दुप्पट खिमा, दुप्पट कांदा, मेहनत जवळजवळ तेवढीच. एक काचेच्या भांड्यात, आमच्या जेवणाला. दुसरा ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये, न भाजता, पूर्ण गार करून, फॉइलच्या दोन थरांत गुंडाळून फ्रीझरमध्ये. काचेचं भांडं फ्रीझरमधून थेट तापल्या ओव्हनमध्ये गेलं तर तडकण्याचा धोका असतो, शिवाय काचेचं भांडं घेणाऱ्यावर ते घासून परत करण्याचं ओझं येतं. दु:खातल्या किंवा बाळंतिणीच्या घराला तेवढंही ओझं नको. तो ट्रे कुणाकडे जाणार हे करताना ठाऊक नसतं. कुणाचं ऑपरेशन निघतं, कुणाची नोकरी जाते, कुणाकडे बाळ घरी येतं. कुणाचं कुणी जातं. हिवाळा संपेपर्यंत एखादा ट्रे फ्रीझरमध्ये उरला, असं सहसा होत नाही.

फॉइलवर मी एक चिठ्ठी चिकटवते. तिच्यावर जाड मार्करने एवढंच लिहिते: आत बीफ, गहू, दूध, अंडं आहे. झाकून ३५० अंशांवर सव्वा तास, मग फॉइल काढून पंधरा मिनिटं. मधोमध सुरी घालून पाहा, पातं गरम लागलं पाहिजे. दहा मिनिटं थांबून वाढा. ट्रे परत करू नका. एकटे असाल तर फोन करा, आम्ही जेवायला येतो.